गावंडे मॅडमचा पहिला प्रश्न

गावंडे मॅडम पेशंटची फाईल टेबलावर उपडी ठेवायच्या. बाहेर व्हरांड्यात बायका सकाळपासून ताटकळत असत, शिकाऊ डॉक्टर घड्याळाकडे बघत चुळबुळत असत, आणि या बाई फाईल उपडी टाकून, चष्मा कपाळावर चढवून समोरच्या बाईला निवांत विचारत, "अच्छा जी, सवेरे चाय पी के सबसे पहले क्या करते हो?" कुणी म्हणे म्हशीची धार काढते, कुणी म्हणे सेक्टर एकमध्ये कोर्टात टायपिंगला जाते. एकीनं सांगितलं, नवऱ्याच्या शिव्या खाते. मॅडमनी तेही लिहून घेतलं. हे सगळं झाल्यावर मग फाईल सुलटी व्हायची.

डॉ. सुशीला गावंडे मूळच्या अकोल्याकडच्या. चंडीगडच्या एका मोठ्या इस्पितळात त्यांनी सगळी नोकरी स्तनाच्या कर्करोगावर उपचार करण्यात घालवली. ठेंगण्या, सावळ्या, पायांत पुरुषी सँडल. पंजाबी अस्खलित, पण घरी आणि माझ्याशी वऱ्हाडी. त्यांच्या तोंडचं 'जी' पंजाबी की वऱ्हाडी हे त्यांनाही सांगता आलं नसतं. मॅडम आता नाहीत. ज्या आक्कामुळे मी त्यांना खऱ्या अर्थानं ओळखलं, ती माझी थोरली बहीणही आता राहिली नाही. म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

मी युनिव्हर्सिटीत संख्याशास्त्र शिकवतो. एका दुपारी मॅडम दोन कापडी पिशव्या भरून कागद घेऊन माझ्या खोलीत आल्या. पिशव्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही सांगलीचे म्हणे. बरं झालं, मराठीत भांडता येईल. या पिशव्यांतल्या बाया एकमेकींहून वेगळ्या कुठं आहेत ते मले माहीत आहे. सारख्या कुठं आहेत ते तुम्ही सांगा, मास्तर." त्या दिवसापासून मी मास्तर झालो तो झालोच. माझ्या प्राध्यापकपणाचा त्यांनी कधी मुलाहिजा ठेवला नाही.

त्यांना हवं होतं ते असं. स्तनाचा कर्करोग हे नाव एक असलं तरी आजार एक नाही. काही गाठी शरीरातल्या संप्रेरकांवर पोसतात, काहींवर एक विशिष्ट प्रथिन फार असतं, काहींत यातलं काहीच नसतं आणि त्याच जास्त चिवट. शिवाय पेशंट तिशीची की सत्तरीची, पाळी चालू की थांबलेली, हृदय कसं, साखर किती. प्रत्येक गटाला कुठलं औषध मानवतं आणि कुठलं नुसतंच छळतं, हे आमच्याकडच्या बायकांच्या नोंदींवरून शोधायचं होतं. मी म्हणालो, मोठे मोठे लोक यावर काम करतायत, आपण काय नवं सांगणार? त्या म्हणाल्या, "एकाच मापाचे ब्लाऊज शिवणारा शिंपी उपाशी मरते, मास्तर. डॉक्टर मात्र मरत नाही. पेशंट मरते." मी कागद ठेवून घेतले.

काम सुरू झाल्यावर त्यांनी मला ओपीडीत बसवलं. आकडे पाहिलेत, आता माणसं पाहा, असं त्यांचं म्हणणं. तपासणीची खोली वेगळी होती, मी आपला बोलण्याच्या खोलीत कोपऱ्यातल्या स्टुलावर. तिथं एकदा इंडस्ट्रियल एरियातला एक लेथवाला आला होता. हा आजार पुरुषांनाही होतो, क्वचित. तो बिचारा बायकांच्या रांगेत, बायकोला दाखवायला आणल्याचं सोंग करून बसलेला. मॅडमनी शिपायाला त्याच्या बायकोच्या नावानं पुकारा करायला लावला. दोघं आत आली, दार लागलं, मग त्या त्याच्याशी बोलल्या. पुढं वर्षभर तो येत राहिला आणि दर वेळी पुकारा बायकोच्या नावाचा. बाहेरच्या बायका तिच्याकडे बघून हळहळत. मी हे कशात नोंदवायचं विचारलं, तर म्हणाल्या, "लिहा, पुरुष, एक. बाकीचं तुमच्या तक्त्यात मावत नाही."

माझ्या तक्त्यांवर त्यांची अशी टपली असायचीच. पण मला तक्त्यांचा अभिमान होता, अजून आहे. दोन वर्षांत आम्ही पिशव्यांतल्या बायकांचे व्यवस्थित गट पाडले. कुठल्या गटाला कुठल्या औषधानं आजार परतण्याची शक्यता किती कमी होते, ते मी रकान्या-रकान्यांत मांडलं. आणि नेमकी तेव्हाच माझ्या घरात गाठ निघाली.

आक्का माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. गोवरानं लहानपणीच तिची दृष्टी गेली. आई लवकर वारल्यावर मला वाढवलं तिनं. मिरजेकडच्या अंधशाळेत तिनं तीस वर्षं शिकवलं, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर आमच्याकडे चंडीगडला आली. गाठ तिची तिलाच सापडली. मला वाढवल्यामुळे माझ्या बायकोला ती सूनबाईच म्हणे. आंघोळीनंतर तिला म्हणाली, "सूनबाई, डाव्या बाजूला तुरीच्या दाण्याएवढं कायतरी लागतंय." मॅडमनी तपासलं आणि चाट पडल्या. एवढीशी गाठ त्यांच्या हातालाही दुसऱ्या खेपेला लागली. पण दाणा छोटा असला तरी आजार काखेतल्या ग्रंथींपर्यंत पोचला होता. ऑपरेशन नीट झालं. पुढं कुठली औषधं द्यायची, ते ठरवायला आम्ही गेलो.

मी तक्ता घेऊन गेलो होतो. आक्काचं वय, गाठीची जात, ग्रंथी, सगळं जुळवून तिचा गट मी काढला होता. त्या गटाला ज्या औषधाचा सगळ्यांत जास्त उपयोग, त्याच्याखाली लाल रेघही मारली होती. मॅडमनी तक्ता घेतला, फाईलवर ठेवला आणि दोन्ही उपडी केली. "आक्का, सकाळी चहा झाला की आधी काय करता जी?"

"ती काही करत नाही हो आता," मी म्हणालो. "आरामच असतो."

"मी तुम्हाला विचारलं नाही, मास्तर."

"वाचते," आक्का म्हणाली. "दहापर्यंत वाचते. जेवण झालं की परत वाचते. शाळेतली पोरं पुस्तकं पाठवतात ठिपक्यांची. दुसरं काय करू? ह्यांच्या घरात सगळ्यांना कामं हायत."

"कोणत्या बोटानं?"

आक्कानं डाव्या हाताची तर्जनी वर केली. मॅडमनी ते बोट हातात घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मग माझ्याकडे न बघता आक्काला सांगितलं, की मास्तरांनी ज्या औषधाखाली रेघ मारली आहे ते चांगलंच आहे. पण त्यानं बऱ्याच जणींच्या बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. काहींचा जातो, काहींचा जात नाही. तुमचा जाईल का, हे आधी सांगता येत नाही.

बहिणीच्या बोटाला धरून मी अख्खं लहानपण काढलं, आणि तेच बोट माझ्या तक्त्यात कुठं नव्हतं. पण माणूस चुकला की आधी हेका धरतो. मी म्हणालो, "मॅडम, जीव राहिला तर वाचन. पुस्तकं काय, ऐकताही येतात."

त्या रागावल्या नाहीत. त्यांनी एका बाईची हकीकत सांगितली. पटियाल्याकडची, फुलकारीचं भरतकाम करणारी. तिला मॅडमनीच हे औषध दिलं होतं, पुस्तकात लिहिलं होतं तसं. आजार गेला. वर्षानं ती पेढे घेऊन आली आणि म्हणाली, डॉक्टरजी, जान तो आपने बचा ली, पर सुई हाथ में है या नहीं, पता नहीं चलता. "तिच्यासाठी दुसरं औषध होतं, मास्तर. थोडं कमी चाललं असतं, पण होतं. ती काय काम करते, हे मी विचारलंच नव्हतं. तिचे पेढे मले गिळता आले नाहीत." एवढं बोलून त्यांनी खणातून रबरी मोजे काढले आणि आक्काच्या हातात दिले. "हे दोन-दोन चढवा अन् उद्या दिवसभर वाचून पाहा. अगदी असंच होईल असं नाही. अंदाज येईल. मग सांगा. घाई नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का मोजे चढवून व्हरांड्यात बसली. मी कामाला न जाता दारात उभा होतो. एकाच ओळीवरून तिचं बोट जात राहिलं. ओळीच्या शेवटी जायचं आणि परत मागं यायचं. तिनं दाबून पाहिलं, नखानं पाहिलं, उजव्या हातानं पाहिलं. तासाभरानं म्हणाली, "विजू, कागद कोरा आहे रे." चाळीस वर्षांपूर्वी आई गेल्याचं मला सांगताना तिचा जसा आवाज होता, तसाच होता. दुपारी तिनं मोजे काढून धुऊन वाळत घातले आणि मॅडमना फोन लावायला सांगितला. "ते औषध नको. दुसरं असेल ते द्या. कमी पडलं तर पडू दे."

मॅडमनी दुसरी औषधं दिली. त्यानंही केस गेले, तोंड आलं, आक्का निम्मी झाली, पण बोटं शाबूत राहिली. मी मात्र मनातून धुमसत होतो. तोंडावर बोललो नाही, पण कामाव्यतिरिक्त मॅडमशी बोलणं टाकलं. त्यांनीही ते ओळखलं होतं. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत भेटल्या की आक्काची चौकशी करायच्या आणि माझ्या पानात आग्रहानं भाजी वाढायच्या.

तीन वर्षं बरी गेली. मग आक्काची पाठ दुखायला लागली आणि आजार हाडांत उतरल्याचं कळलं. रिपोर्ट हातात घेऊन मी तडक मॅडमच्या खोलीत गेलो. त्यांच्या निवृत्तीला महिना राहिला होता, कपाटं रिकामी होत होती. मी म्हणालो, "ते औषध दिलं असतं तर हे थांबलं असतं."

मला वाटलं, त्या समजूत काढतील. सगळे डॉक्टर काढतात तशी, नशिबावर ढकलून. मॅडम खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "कदाचित. थांबलंही असतं. मले माहीत नाही, मास्तर, अन् तुम्हालाही कधी कळायचं नाही. गटाचं तुम्ही सांगू शकता. एका माणसाचं कोणीच नाही सांगू शकत."

त्यांनी फाईल जवळ ओढली आणि औषधांचा तो जुना कागद काढून माझ्यासमोर ठेवला. "निर्णय त्यांचा होता. पण खाली सही माझी आहे. राग काढायचा तर माझ्यावर काढा. आक्कांवर काढू नका, अन् स्वतःवर तर अजिबात नाही. आयुष्यभर पुरते तो." मग चष्मा कपाळावर चढवला. "अन् एक सांगा. इथं येण्याआधी आक्कांना विचारलं काय?"

नव्हतं विचारलं. मी पुन्हा तेच केलं होतं. तिच्यासाठी भांडायला गेलो होतो आणि तिलाच विचारलं नव्हतं. त्या क्षणी मला या बाईंच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. ठेवलं नाही, कारण त्यांना ते खपलं नसतं. आपल्या उपचाराबद्दल 'कदाचित' म्हणणारा डॉक्टर मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिलेला नाही.

घरी आलो तेव्हा आक्का उन्हात बसून वाचत होती. पाठीला उशी, मांडीवर ते जाडजूड पुस्तक. मी तिच्या पायाशी बसलो. सगळं सांगितलं, हाडांचं आणि माझ्या भांडणाचंही. ती ऐकत होती, पण बोट चालूच होतं. शेवटी विचारलं, "आक्का, ते औषध घ्यायला हवं होतं असं वाटतं का तुला?"

तिचं उत्तर ऐकून होतंय, तोच माझा फोन वाजला. मॅडमचा होता. मी उठून आत आलो.

"विचारलं?"

"विचारलं. म्हणाली, एवढं पान होऊ दे, मग सांगते."

"अन् पान झाल्यावर?"

मी खिडकीतून पाहिलं. "पान झालं, मॅडम. तिनं पुढचं सुरू केलं."

पलीकडून मॅडम म्हणाल्या, "वाचू द्या त्यांना. ठेवा फोन."