वाढणाऱ्यानं म्हटलेलं ‘पुरे’

“पुरे.”

पंगतीत हा शब्द जेवणाऱ्यानं म्हणायचा असतो. वाढणारा वाढत राहतो, जेवणारा पानावर हात आडवा धरतो, वाढणारा तरीही थोडं घालतोच, आणि दोघंही खूश होतात. तुम्हीही अशा पंगती जेवला आहात, तुम्हाला वेगळं काय सांगायचं! पण देवासच्या आमच्या मराठी मंडळात एक गृहस्थ असे होते, की वाढायचेही तेच आणि पुरे म्हणायचेही तेच. ज्याला ते पुरे म्हणत, त्याच्या घशाखाली मग घास उतरत नसे.

आम्ही त्यांना तूपवाले काका म्हणायचो. घराणं मूळचं धारचं. पणजोबा दरबारच्या मुदपाकखान्यात होते आणि पंगतीला तूप वाढायचं काम यांच्याच घरात होतं. दरबार गेला, मुदपाकखाना गेला, काका बागलीच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. तरी मंडळाचा गणपती असो की कुणाची मुंज, वरणभाताच्या मुदीवर तूप घालायला तेच. लहान तोटीचं, आतून कल्हई केलेलं पितळी भांडं होतं. ते दुसऱ्याच्या हाती देत नसत. अंगानं वाळके, उंच, धोतर नेसलेले आणि अनवाणी. त्यांच्या पावलांचा आवाजच होत नसे. भाताकडे बघत बसलेल्या माणसाला एकदम तोटीच दिसायची.

तूप पडल्याशिवाय आमच्याकडे पानाला हात लावत नाहीत. अन्नशुद्धी म्हणतात तिला. त्यामुळे काका रांगेतून येऊ लागले, की सगळी पंगत हात मांडीवर ठेवून बसायची. आम्ही एरवी एका वेळी चार जण बोलणारी माणसं, पण तेव्हा डोक्यावरचा पंखा ऐकू यायचा.

एका गणपतीत मंडळाच्या अध्यक्षांच्या पानावर त्यांनी भांडं तिरपं केलं, जरा वेळ धरलं आणि सरळ केलं. “पुरे.” एक थेंबही पडला नव्हता.

अध्यक्ष हसले. “काय काका, मी वर्गणी नाही दिली काय?”

काका पुढच्या पानाशी गेले होते. त्यानंतर थोड्याच दिवसांनी अध्यक्ष देवीच्या टेकडीच्या पायऱ्यांवर दम खायला बसले, ते उठलेच नाहीत. मग धामनोदहून लग्नाला आलेला एक तरुण. काटकुळा, रोज सकाळी पळायला जाणारा. त्यालाही पुरे. म्हातारा चळला, असं लोक म्हणाले. त्या तरुणाला परतीच्या वाटेवर हार्ट अटॅक आला. इंदूरच्या डॉक्टरांनी वाचवला म्हणून बरं. काका चेहरा वाचतात, असं मग सगळे म्हणू लागले.

मी इथल्याच एका हृदयरोगाच्या दवाखान्यात आहारतज्ज्ञ आहे. लोकांच्या पुढ्यातलं तूप काढून घेणं हा माझा धंदा. मला काकांची भीती वाटत नव्हती, राग यायचा. त्यांनी ज्यांना थांबवलं त्यांचं सोडा, पण ज्यांना वाढलं ते सगळे मोकाट सुटायचे. “ताई, रिपोर्ट जाने दो, काकांनी भरभरून वाढलंय,” असं पेशंट मला तोंडावर सांगायचे आणि जाताना तिखट शेवेचा पुडा बांधून घ्यायचे.

त्यांत पहिला नंबर माझ्या दादाचा. आईवडील लवकर गेले. दादानं मला सांभाळलं, शिकवलं, लग्न करून दिलं. त्याला काही झालं तर माझं माहेर संपलं, इतका सरळ हिशेब होता माझा. आणि हा माणूस सकाळी पोहे-जलेबी खायचा, दुपारी सेव, आणि रविवारी दाल-बाफले. बाफला म्हणजे कणकेचा उकडून भाजलेला गोळा; तो तुपात बुडालेला नसला तर त्याला कोरडा लागायचा. रक्तातल्या चरबीचा रिपोर्ट तर मी दोनदा वाचला. मी जीव तोडून सांगायची: तूप, साय, लोणी यांनी रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढतं, ते रक्तवाहिन्यांत साचत जातं. वनस्पती तूप आणि पुन्हापुन्हा तापवलेलं तळणीचं तेल तर त्याहून वाईट. चमचाभर तूप खा, कुणी नको म्हणत नाही, पण वाटी कशाला?

“तू टेन्शन मत ले,” दादा म्हणायचा. “काकांचं तूप पडतंय ना माझ्या पानात? जिस दिन नहीं पडेगा, त्या दिवशी तुझ्या गोळ्या सुरू. शब्द दिला.”

“वन्सं, तुम्हीच सांगा त्यांना, माझं कुठे ऐकतात?” वहिनी म्हणायची, आणि त्याच्या पानात उरलेला अर्धा बाफला आपल्या पानात घ्यायची. अन्न टाकायचं नाही, हा तिचा नेम.

शेवटी मी काकांकडेच गेले. ओसरीवर बसून ते भांडं चिंचेनं घासत होते.

“काका, एकदाच दादाच्या पानावर थांबा. नुसतं नाटक. तो घाबरेल आणि गोळ्या घेईल.”

“मुली, मी थांबतो, असं वाटतं तुला?”

“मग कोण थांबतं?”

त्यांनी भांडं उन्हात धरून आत पाहिलं. “बरं. बघू,” एवढंच म्हणाले.

माघी गणपतीची पंगत होती. काका दादापाशी आले. दादानं मान वर करून डोळा मिचकावला. मी समोरच्या रांगेत होते, मला सगळं दिसत होतं. भांडं तिरपं झालं. तूप तोटीच्या तोंडाशी आलं, पिवळं, फुगीर, आणि तिथेच उभं राहिलं. काकांनी भांडं आणखी कलतं केलं. अजून केलं. ते पालथं व्हायचंच बाकी होतं.

“पुरे,” काका म्हणाले. त्यांचा आवाज मला बरा वाटला नाही. शेजारच्या पानावर मात्र लगेच धार लागली.

दादा भाताला न शिवता बसून राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्याआधी दवाखान्यात हजर होता. इंदूरला अँजिओग्राफी झाली, स्टेंट बसवला. वेळेवर आलात, असं डॉक्टर म्हणाले.

मी पेढे नेत नाही कुणाकडे, पण काकांकडे नेले. “काय नाटक केलंत, काका!”

“नाटक नव्हतं गं. मला खोटं जमलं नसतं. मी वाढायचंच ठरवून आलो होतो. पडलं नाही.”

“थंडी होती, काका. तोटीत थिजलं असेल.”

“असेल,” ते म्हणाले. “तसं म्हटलं की झोप लागते.” मग पेढ्यांचा पुडा बाजूला ठेवून म्हणाले, “पहिल्यांदा थांबलं ते आमच्या हिच्या पानावर. मी झटकलं, हलवलं, शेवटी पळीनं काढून वाढलं. ती जेवली. हसत जेवली. आता मी हलवत नाही. पुरे म्हणतो. माणूस रागावून का होईना, डॉक्टरकडे तरी जाईल.”

“आणि लोक म्हणतात, तुम्ही चेहरे वाचता.”

“मी वर बघतच नाही, मुली. धीर होत नाही.”

मला त्या म्हाताऱ्याची फार दया आली, आणि घरी येईपर्यंत अंगावरचा काटा गेला नाही.

दादा सुधारला. वहिनी त्याच्यासाठी वेगळी भाजी करू लागली, तेल चमच्यानं मोजून. घरातला तुपाचा डबा मात्र पूर्वीसारखाच रिकामा होत होता. “साय निघते, तूप होतं, ते काय ओतून देऊ?” वहिनी म्हणायची. तुझंही रक्त तपासू म्हटलं तर, “मला काय धाड भरलीय!” टेकडी चढताना ती मध्येच थांबायची, जबड्यावर हात ठेवायची. दाढ ठणकते म्हणायची.

काका फाल्गुनात गेले, झोपेतच. पुण्याहून आलेल्या मुलानं ते भांडं माझ्या हातात दिलं. “बाबा म्हणाले होते, ताईंना द्या.” आहारतज्ज्ञाच्या हाती तुपाचं भांडं! मंडळात हसून हसून पुरेवाट झाली. मीही हो म्हटलं. निदान माझ्या हातून बेतानं तरी पडेल.

वैशाखात दादाच्या नातवाची मुंज झाली. मांडव तापला होता, भांडं हाताला चटके देत होतं, तूप पाण्यासारखं पातळ झालं होतं. मी रांगेतून निघाले आणि पंगत गप्प झाली. दादाच्या पानाशी येऊन भांडं तिरपं केलं. तूप पडलं. चांगली बारीक धार पडली.

“पुरे, पुरे!” दादानं पानावर हात आडवा धरला. जन्मात पहिल्यांदा. मला इतका आनंद झाला, की डोळे भरून आले.

पुढचं पान वहिनीचं होतं. मी भांडं तिरपं केलं. तूप तोटीच्या तोंडाशी आलं, पिवळं, फुगीर, आणि उभं राहिलं. मी आणखी कलतं केलं. वहिनीचा एक हात मांडीवर होता, दुसरा जबड्यावर. बायकांच्या छातीत दुखेलच असं नाही, नुसता दम लागतो, जबडा दुखतो, हे मी दवाखान्यात रोज सांगते. काका वर का बघत नसत, ते मला तेव्हा कळलं. मी वर बघितलं.

“वाढा की वन्सं,” वहिनी हसत होती. “मला कसलं आलंय पथ्य?”

मी पुरे म्हणाले नाही. भांडं खाली ठेवून मी तिचं मनगट धरलं. “वहिनी, ऊठ. दादा, गाडी काढ.”

“अहो, भरल्या पानावरून उठतं का कुणी?”

“ऊठ म्हणते ना!”

ती गोंधळून उठली, तेव्हा तिच्या पदरानं भांडं कलंडलं, आणि सगळं तूप भराभरा सतरंजीवर पसरत गेलं. पंगत हात मांडीवर ठेवून बघत राहिली.