खांबाला धरून झुकलेली मुलगी

ग्रंथपालबाईंनी समोर ठेवलेली जुनी स्मरणिका चाळताना एका फोटोवर हात थांबला. खो-खोच्या मैदानावर एक मुलगी एका हाताने खांब धरून इतकी झुकली आहे की आता पडेलच असं वाटावं. खेळताना शरीराचा तोल कसा सांभाळला जातो, यावर मी संशोधन करते. असाच संदर्भ महिनाभर शोधत होते. खाली नाव होतं, कुसुम. मामा आईला याच नावाने हाक मारायचा. आणि ती हनुवटी तर मी रोज आरशात बघते.

लग्नात बाबांनी ताटातल्या तांदळात अंगठीने 'सुलभा' लिहिलं आणि आमच्या घरात तेवढंच नाव उरलं. किती बायकांचं धावणं असं त्या तांदळाखाली गेलं असेल! आणि आम्ही ते ग्रंथालयाच्या कपाटांत शोधत बसतो.

आईला जाऊन वर्ष झालं. त्याआधी एकदा मटार सोलताना तिने विचारलं होतं, "खांब कुठल्या हाताने धरतात गं, तुझ्या पुस्तकात?"

"तुला नाही कळायचं ते, आई," मी वहीतून डोकं वर न काढता म्हणाले.

"बरं," ती म्हणाली आणि तिने पुढची शेंग सोलायला घेतली.