तेरा नंबरचं हरीण

नीलांबरी घरात कोळी दिसला तरी मारत नाही. त्याला पेल्याखाली पकडते, खालून पोस्टकार्ड सरकवते, बाल्कनीत नेऊन सोडते आणि वर "जा बाबा, सांभाळून" म्हणते. अशी ही बाई चार वर्षं एका हरणाच्या मागे हात धुऊन लागली होती. त्या चार वर्षांत तिचे बाण शोधता शोधता माझ्या कंबरेचा काटा ढिला झाला. हे कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही, म्हणून लिहूनच काढते.

आधीच सांगते, हरीण फोमचं आहे. जर्मनीत धनुष्यबाणाने खरी शिकार करायला कायद्याने बंदी आहे, आणि नसती तरी नीलांबरीने केली नसती. कार्ल्सरूहेहून ट्रामने अर्ध्या तासावर डोंगराच्या पायथ्याशी एक क्लब आहे. तिथल्या जंगलात झाडांमधून अठ्ठावीस प्राणी उभे करून ठेवलेत. रानडुक्कर, अस्वल, कोल्हा, ससा, प्रत्येकाला नंबर. ठरलेल्या खुंटापाशी उभं राहायचं, तीन बाण मारायचे, पुढच्या प्राण्याकडे जायचं. चांगली शिकलीसवरलेली माणसं रविवारी सकाळी तिथे जाऊन फोमच्या सशाला बाण मारतात. मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी म्हटलं होतं, रिकामपणाचे उद्योग, दुसरं काय!

हा उद्योग मुळात नरेंद्रभाऊजींचा, म्हणजे नीलांबरीच्या नवऱ्याचा. माझी आणि तिची मैत्री चौतीस वर्षांची. आम्ही दोघी एकाच जर्मन कोर्सला एकदमच नापास झालो होतो, तेव्हापासूनची. भाऊजी मशीन डिझाइन करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. आठवडाभर तोंडातून चार वाक्यं काढतील तर शपथ, पण रविवारी जंगलातून आले की बोलायला लागायचे. कुठला बाण कुठे लागला, वारा कसा होता, तेरा नंबरच्या हरणाने आज पुन्हा कसं चकवलं. नीलांबरी भाकऱ्या करत हूं हूं म्हणायची. पंधरा वर्षं असे रविवार गेले.

मग रिटायर झाल्यावर दुसऱ्याच वर्षी भाऊजींना स्ट्रोक आला. डावी बाजू गेली, आणि माणूस डावखुरा. सहा आठवडे रेहामध्ये, म्हणजे पुनर्वसन केंद्रात काढून घरी आले ते काठी घेऊन. बोलणं परत आलं, पायही बऱ्यापैकी चालायला लागला. डॉक्टरीणबाई सांगून थकल्या, रोज बाहेर चाला. पण हे गृहस्थ खिडकीजवळच्या खुर्चीतून हलतील तर! लिफ्ट आहे, समोर बाग आहे, पण नाही. काय तर म्हणे, लोक बघतात. मुलगी कुहू हॅम्बुर्गहून फोनवर जर्मनमध्ये रडली, तरी नाही. डॉक्टरकडे जायचं तेवढंच टॅक्सीने, तेही मान खाली घालून.

त्या नोव्हेंबरात एका दुपारी मी त्यांच्याकडे चहाला बसले होते. नीलांबरी नेहमीसारखी मागे लागली होती, "अहो, नुसतं कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ." भाऊजी एकदम भडकले. म्हणाले, "तेरा नंबरच्या हरणाला बाण मारून दाखव तू. मग येतो मी बाहेर."

हे टोमणा म्हणून होतं. नीलांबरीने जन्मात धनुष्य हातात धरलं नव्हतं. आणि ते तेरा नंबर म्हणजे ओढ्याच्या पलीकडे, उतारावर, दोन झाडांच्या फटीत उभं केलेलं. भाऊजींचेच तीनातले दोन बाण तिथे वाया जायचे.

नीलांबरीने कप खाली ठेवला. "शब्द देताय?"

"दिला."

"मधू, तू ऐकलंस."

मी ऐकलं होतं. तिथेच माझी चूक झाली.

पुढच्या रविवारी ही बया तळघरातून भाऊजींचं धनुष्य काढून ट्रामने क्लबमध्ये हजर, आणि साक्षीदार म्हणून मी बरोबर. क्लबची देखभाल करणारे हेर त्सीग्लर (जर्मनमध्ये हेर म्हणजे श्रीयुत), सत्तरीचे, मिशाळ, भाऊजींचे जुने दोस्त. त्यांनी धनुष्य बघितलं, नीलांबरीला बघितलं, आणि त्याच्या वरखालच्या पात्या काढून हलक्या पात्या लावून दिल्या. मग मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "आल्झो, बघा, पण हे डावखुऱ्या माणसाचं आहे. तुम्ही उजव्या आहात."

"या, या," नीलांबरी जर्मनमध्ये म्हणाली, म्हणजे हो, हो. मला मराठीत म्हणाली, "घरात एक चांगलं असताना दुसरं कशाला?"

झालं! या एका वाक्यापायी तीन वर्षं गेली. उजव्या हाताची बाई डाव्या हाताने दोरी ओढतेय. बाण कुठेही जायचा. आकाशात, ओढ्यात, एकदा तर शेजारच्या बारा नंबरच्या रानडुकराच्या पार्श्वभागात, आणि त्याचा तिला आनंदच झाला. पाचोळ्यात शिरलेला बाण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून क्लबने मेटल डिटेक्टर ठेवलाय. मी युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत एकतीस वर्षं नोकरी केलेली बाई, आणि म्हातारपणी हातात मेटल डिटेक्टर घेऊन पानं उकरत फिरत होते. बाण कमी आणि बिअरच्या बाटल्यांची झाकणंच जास्त सापडायची.

सुटलेली दोरी हाताला लागायची. उजव्या हाताच्या आतल्या बाजूला मनगटापासून कोपरापर्यंत काळंनिळं. एकदा रक्तदाब तपासताना डॉक्टरीणबाईंनी ते बघितलं, दार लावून घेतलं आणि हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" नीलांबरीने सांगितलं, नवऱ्याने नाही हो, हरणामुळे झालं. त्यांनी आणखीच गंभीर होऊन हेल्पलाइनचं पत्रक हातात दिलं. ते पत्रक अजून तिच्या फ्रिजवर आहे, भाजीची यादी त्याच्या पाठीवर लिहिते.

हसायला ठीक आहे, पण तिसऱ्या वर्षाच्या शेवटी मला तिच्याकडे बघवेना. भाऊजी खिडकीत बसून बसून सुकत चालले होते. आधी पेपर वाचायचे, तोही सोडला. नीलांबरी क्लबमधून आली की ते मान वर करायचे, तिचा चेहरा बघायचे आणि पुन्हा खाली घालायचे. त्यांना सुटल्यासारखं वाटायचं की वाईट वाटायचं, देव जाणे. एका संध्याकाळी परतीच्या ट्रामची वाट बघताना मी म्हटलं, "अगं, चार पावलांवर जाऊन हाताने खुपसू या बाण. मी फोटो काढते. कोणाला कळणार आहे?"

ट्राम आली, आम्ही चढलो. तीन स्टॉप गेले. मग ती म्हणाली, "चाळीस वर्षं संसार केला, मधू. त्यांना फसवून बाहेर काढलं तर बाहेर येऊन ते करणार काय?" आणि खिडकीकडे तोंड करून बसली. मला स्वतःची इतकी लाज वाटली की दुसऱ्या दिवशी मी तिला पुरणपोळ्या करून नेल्या. पुरण सैल झालं होतं, पण तिने खाल्ल्या.

वळण लागलं ते एका रबराच्या पट्टीमुळे. फिजिओथेरपीवाल्याने भाऊजींना ओढायला लाल पट्टी दिली होती. ती त्यांनी कधीच कोपऱ्यात टाकलेली. गेल्या हिवाळ्यात क्लबच्या वाटा बर्फाने बंद झाल्या, तेव्हा नीलांबरीने ती उचलली आणि रोज सकाळी हॉलच्या मधोमध उभी राहून धनुष्य ओढल्यासारखी ओढायला लागली, भाऊजींच्या अगदी नाकासमोर. दहा दिवस त्यांनी सहन केलं. अकराव्या दिवशी मी तिथेच होते. भाऊजी खुर्चीतून ओरडले, "कोपर! कोपर वर घे!"

नीलांबरीने घेतलं.

"खांदा कशाला कानाला लावतेस? आणि डाव्या हाताने का ओढतेस? डावखुरी आहेस का तू?"

"तुमचं धनुष्य डावखुरं आहे ना."

भाऊजी बघतच राहिले. "तीन वर्षं तू माझ्या धनुष्याने मारतेयस?"

"मग कोणाच्या मारू?"

"अगं वेडाबाई," असं म्हणून ते जे हसायला लागले! तोंड एका बाजूला वाकडं, डोळ्यांत पाणी. मी त्यांना स्ट्रोकनंतर पहिल्यांदा हसताना बघितलं. मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "विकून टाक ते. उजव्या हाताचं घे."

"विकणार नाही," नीलांबरी म्हणाली. "ते तुमचं आहे. ते भिंतीवर राहील. मी त्सीग्लरकडून दुसरं मागून घेते."

त्या दिवसापासून रोज सकाळी नऊ ते साडेनऊ शिकवणी. हे खुर्चीतून ओरडणार, ती पट्टी ओढणार. "घाई नको. दोरी गालाला लागली की थांब. एक, दोन. आता सोड." माणूस घराबाहेर पडत नव्हता, पण आवाज मात्र पार जिन्यात ऐकू जायचा. शेजारच्या बाईंनी मला लिफ्टमध्ये विचारलं, यांचं भांडण झालंय का? मी म्हटलं, नाही हो, बरं चाललंय.

या सप्टेंबरात, एका गुरुवारी सकाळी, आम्ही दोघीच गेलो होतो. तेरा नंबर. पहिला बाण हरणाच्या पाठीवरून गेला. दुसरा खालच्या मातीत. तिसऱ्याला नीलांबरीने दोरी गालाला लावली आणि थांबली. तिचे ओठ हलताना मला दिसले, एक, दोन. मग पलीकडून "थप्प" असा आवाज आला. चार वर्षांत तो आवाज त्या हरणाकडून आला नव्हता.

मी किंचाळले. ती ओल्या मातीत बसकण मारून बसली आणि पदर नव्हता म्हणून जॅकेटच्या बाहीने डोळे पुसायला लागली. मी ओढा ओलांडून बाण काढायला धावले तर मागून ओरडली, "हात लावू नकोस! तो त्यांनी काढायचा."

हेर त्सीग्लरनी ऐकलं आणि मुकाट्याने एक पाटी आणून तेरा नंबरच्या खुंटाला अडकवली: बंद. कधीपर्यंत, ते लिहिलं नाही.

घरी आल्यावर नीलांबरी एवढंच म्हणाली, "अहो, लागला."

"कुठे?"

"हरणाला."

"हरणाला कुठे?"

"येऊन बघा."

शुक्रवारी भाऊजींचा गुडघा दुखत होता. शनिवारी पाऊस येणार होता, जो आला नाही. नीलांबरीने एकदाही मागे लागून विचारलं नाही, फक्त त्यांचे जंगलातले बूट पुसून दाराशी ठेवले. शनिवारी रात्री मला फोनवर म्हणाली, "मधू, ते नाही आले तर मी पुन्हा कधी विचारणार नाही. माझ्यात आता आणखी ताकद नाही गं." मला रात्रभर झोप लागली नाही. दिलेला शब्द माणूस मोडतो, त्यात काय, पण हा मोडला तर ती दोघं त्या हॉलमध्ये कशी राहणार, हेच माझ्या डोक्यात.

रविवारी सकाळी मी बेल वाजवली. दार उघडलं तर भाऊजी खुर्चीतच, पण दाढी केलेली, डोक्यावर जुनी हिरवी टोपी, पायात बूट. एका बुटाची लेस कशीबशी खोचलेली, दुसऱ्याची लोंबत होती. नीलांबरी आत डबा भरत होती. भाऊजी हळू आवाजात म्हणाले, "मधू, लेस बांध जरा." चार वर्षांत या माणसाने माझ्याकडे पाण्याचा ग्लाससुद्धा मागितला नव्हता. मी खाली बसून लेस बांधली, डबल गाठ मारली, आणि मान वर करायला जरा वेळ घेतला.

टॅक्सीने क्लबच्या पार्किंगपर्यंत गेलो; तिथून तेरा नंबर चारशे मीटर. आम्हाला पाऊण तास लागला. अर्ध्या वाटेत मागून चार जणांचा ग्रुप आला, भाऊजींच्या ओळखीचे, त्यात त्सीग्लरही. भाऊजींची काठीवरची पकड घट्ट झाली. मी मनात म्हटलं, झालं, आता फिरणार मागे. त्या लोकांनी "मोर्गन, नरेंद्र!" म्हटलं, जसं काही ते मागच्या रविवारीही आले होते. मग ते आमच्या मागेच रेंगाळत, सशाबद्दल वाद घालत चालत राहिले, पुढे गेले नाहीत.

ओढ्यावरच्या फळीवरून नीलांबरीने त्यांना हात धरून नेलं. भाऊजी हरणासमोर उभे राहिले. बाण होता मागच्या मांडीत, शेपटीपासून वीतभर अंतरावर. ते वाकून बराच वेळ बघत होते.

"नीला, ही मांडी आहे."

"तुम्ही हरणाला म्हणाला होतात. हरणाच्या काळजाला, असं कुठे म्हणाला होतात?"

"गेनाऊ!" मागून त्सीग्लर म्हणाले, म्हणजे अगदी बरोबर. त्यांना मराठीचा एक शब्द येत नाही, पण वेळ बरोबर साधली.

भाऊजींनी काठी माझ्याकडे दिली. डावा हात हरणाच्या पाठीवर टेकवला, उजव्याने बाण धरला आणि ओढला. फोममध्ये रुतलेला बाण सहज निघत नाही. त्यांचा पाय थरथरायला लागला, कपाळावर घाम आला. मी पुढे झाले तर नीलांबरीने माझं मनगट असं दाबून धरलं की अजून दुखतंय.

बाण हलला. बोटभर बाहेर आला, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. आणखी एक हिसका दिला असता तर हातात आला असता. पण भाऊजींनी हात काढून घेतला, टोपी सारखी केली आणि म्हणाले,

"राहू दे. नाही निघत आज. पुढच्या रविवारी येऊन काढू."

नीलांबरी त्यांच्याकडे बघत राहिली. तिलाही दिसलं होतं.

"शब्द देताय?"

"दिला," भाऊजी म्हणाले, आणि माझ्याकडे काठीसाठी हात पुढे केला.