गेलेल्या माणसाची खुर्ची

वारंगा फाट्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि त्याला लागून भुजंगचं जुन्या खुर्च्यांचं. माझ्याकडे येणारे सगळे घाईत असतात, त्याच्याकडे येणाऱ्यांना कसली घाईच नसते. नांदेड-हैदराबादकडचे बंगलेवाले गाडी थांबवून उतरतात, पत्र्याच्या शेडमध्ये शिरतात आणि धुळीने माखलेल्या खुर्चीवरून असा मायेने हात फिरवतात, की घरातल्या म्हाताऱ्याच्या पाठीवरून कधी फिरवला नसेल. मी हे बोलून दाखवलं की भुजंग चिडायचा. "गिऱ्हाईक पळवशील माझं," म्हणायचा.

खुर्ची निवडावी तर त्यानेच. आधी ती उलटी करायचा. सांध्यांत मागाहून ठोकलेले खिळे दिसले की जागीच सोडायचा. पाय नखाने टोकरून वाळवी बघायचा. वेताची बैठक फाटलेली असली तर उलट खूश व्हायचा, वेत नवा विणता येतो म्हणून. सगळं झाल्यावर शेवटी स्वतः बसायचा, डोळे मिटून. पाठीला कळतंय, असं त्याचं म्हणणं.

हा माल तो आणायचा कुठून, ते ऐकलं तर बंगलेवाल्यांचं तोंड कडू होईल. म्हातारं माणूस गेल्याचं कळलं की भुजंग तेराव्यानंतर त्या घरी जायचा. चेहरा पाडून बसायचा, चहा प्यायचा आणि मग हळूच खुर्चीकडे बघून म्हणायचा, "माणूस जातंय, पर बसायची सवय जात न्हाई. खुर्ची घरात ऱ्हायली की ते येऊन बसतंय. अन् एकटं बसून कंटाळलं की घरातलं एखादं लेकरू संगं नेतंय."

पोटच्या लेकरांची भीती घातल्यावर कोण थांबतो? लोक स्वतः खुर्ची उचलून टेम्पोत ठेवायचे. हे सगळं भुजंगने आपल्या डोक्यातून काढलेलं होतं. मला त्याने ते चहा पिता पिता, मांडीवर थाप मारून सांगितलं होतं. मी त्याला शिव्या घातल्या, पण हसलोही. पुढे ते बोलणं आसपासच्या गावांत इतकं मुरलं, की त्याला सांगावंही लागेना. लोकच फोन करून बोलवायला लागले.

त्याच्या बोलण्यावर सगळ्यांत जास्त विश्वास कुणाचा बसला असेल, तर त्याच्या बायकोचा. सुभद्राबाईंनी दुकानातली एकही खुर्ची कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. डोंगरकडा गावातल्या त्यांच्या घरात आम्ही पाहुणे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसायचो. "मेलेल्यांची बैठक दुकानातच भरवा," बाई हसून म्हणायच्या आणि भुजंग माझ्याकडे बघून डोळा मारायचा.

गेल्या वर्षी बाईंचं हृदय थकलं. पाय सुजले, छातीत पाणी साचायला लागलं. आडवं झालं की जीव घुसमटायचा. नांदेडच्या डॉक्टरांनी औषधं दिली आणि सांगितलं, यांना सपाट झोपवू नका. मागे कललेली, रुंद हातांची, टणक खुर्ची बघा, तीतच झोपू द्या. साधी गोष्ट. निदान दुसऱ्या कुणाच्या घरात ती साधी असती.

प्लास्टिकच्या खुर्चीतून बाई डुलकी लागताच खाली घसरायच्या. भुजंगने बाजारातून पट्ट्यांची नवी आरामखुर्ची आणली. तिला झोळ पडायचा आणि बाईंची छाती दाबली जायची. शेवटी त्या भिंतीला वाकळांचा ढीग लावून बसू लागल्या, पुढे पालथ्या घातलेल्या घमेल्यावर हात टेकून. झोप अशी नाहीच. डोळे लाल, आणि श्वास दारापर्यंत ऐकू यायचा.

आणि दुकानात हवी तशी खुर्ची होती! कळमनुरीच्या एका दमेकरी मास्तरांची, सागवानी, लांब हातांची. मास्तरांनी तिच्यात बसून कित्येक वर्षं काढली होती. भुजंग तिच्यात बसला, डोळे मिटले आणि एकदम उठला. "शिवहार, हीच. तिला हीच पायजे," म्हणाला. त्याचा आवाज ऐकून मी दुकानाचं शटर ओढलं. आम्ही दोघांनी ती टेम्पोत घातली.

दुकानात पाहिलेली मास्तरांची खुर्ची अंगणात उतरताना बघून बाईंनी हात वर केला. बोलायला दम पुरत नव्हता.

"आत न्हाई."

"अगं, एक डाव बसून तर बघ."

"घरात दिपा हाय." दिपा त्यांची सून, तिला सातवा महिना होता. ती स्वयंपाकघराच्या दारात पोटावर हात ठेवून उभी होती. "मास्तर येऊन बसले तर... ते लेकरू..."

भुजंग त्यांच्यासमोर मातीत बसला. त्याने माझ्यासमोर, सुनेसमोर बायकोचे पाय धरले. "सुभद्रे, ते खोटं हाय गं. मीच काढलं ते. खुर्च्या मिळाव्या म्हणून लोकांना सांगत गेलो. कोणी येत न्हाई, कोणी बसत न्हाई. ह्या शिवहारला इचार."

"खरं हाय वहिनी," मी म्हणालो. "याचाच चावटपणा हाय सगळा."

बाईंनी भुजंगच्या डोक्यावर हात ठेवला. त्या मायेचा मला आजही राग येतो. "काहून खोटं बोलून राहिले?" त्या म्हणाल्या. "माह्यासाठी... पाप घेऊ नका डोक्यावर. इतकी वर्सं लोकांना सांगितलं... ते काय खोटं सांगितलं असंल तुमी?"

आम्ही खुर्ची परत टेम्पोत चढवली. भुजंगने विश्वंभर सुताराकडे सागवान नेऊन टाकलं आणि त्याच मापाची नवी करायला सांगितली. रोज जाऊन त्याच्या डोक्यावर बसायचा. विश्वंभर म्हणायचा, लाकडाला वेळ द्यावा लागतो. बैठक झाली, हात झाले. पाठ जोडायची राहिली होती, तेव्हा सुभद्राबाई त्या भिंतीशीच गेल्या. घमेल्यावर डोकं टेकलेलं होतं. दिपाला वाटलं, अखेर डोळा लागला, म्हणून तिने कुणाला आवाजही करू दिला नाही.

पुढे दिपाला मुलगी झाली, सुखरूप. पण भुजंगने दुकान उघडायचं सोडून दिलं होतं. मीच त्याला धरून आणून बसवायचो. अशात गोरेगावजवळच्या तांड्यावरून फोन आला. थावरा नावाचे म्हातारे गेले होते. सरकारी कचेरीत शिपाई होते ते. साहेबांच्या ज्या खुर्चीमागे जन्मभर उभे राहिले, ती मोडीत निघाली तेव्हा लिलावात घेऊन त्यांनी घरी आणली होती. मुलगा विकास म्हणाला, काका, लवकर घेऊन जा. मी भुजंगसोबत गेलो.

खुर्ची शिसवी, भारी होती. भुजंगने ती उलटी केली नाही, सांधे बघितले नाहीत. कारण तिच्या पायाशी थावराची बायको पारुबाई बसली होती आणि तिचा हात खुर्चीच्या हातावर होता, माणसाचा धरावा तसा.

"ठेवा घरात," भुजंग म्हणाला. "काही व्हत न्हाई. ते समदं मी उठवलेलं हाय. बाईला बसू द्या ह्याच्यात."

विकासने मान हलवली. पोरगा उद्धट नव्हता, घाबरलेला होता. "काका, तुमच्या घरचं ऐकलंय आमी. मेलेल्या मास्तराची खुर्ची तुमी अंगणात नेली अन् मावशी गेल्या. नुसती अंगणात नेली तर असं झालं. अन् आमाला म्हणता, घरात ठेवा?"

मला बोलायचं होतं, खूप बोलायचं होतं. बाई खुर्चीने नाही गेली, बाबा, खुर्चीत बसली नाही म्हणून गेली. मी तसं म्हणालोही. विकासने ऐकून घेतलं, जसं दुःखातल्या माणसाच्या सोबत्याचं ऐकून घेतात तसं.

तेवढ्यात आत कुणाचं तरी तान्हं रडलं. पारुबाईने तिकडे बघितलं आणि खुर्चीवरचा हात काढून घेतला. "न्या भाऊ," ती म्हणाली. "घरात लेकरं हायत."

विकासनेच ती उचलून टेम्पोत ठेवली.

ती खुर्ची आता दुकानात अगदी पुढे ठेवलेली असते. गिऱ्हाइकं तिच्यापाशीच आधी थांबतात, कारण तशी दुसरी नाहीच शेडमध्ये. पूर्वी भुजंग गिऱ्हाइकाला सांगायचा, मालक पुण्याला फ्लॅटमध्ये गेले, जागा नाही म्हणून दिली. आता तो सांगतो, "थावराची हाय. विकायची न्हाई. त्याची बायको हाय अजून, कवा तरी मागायला येईल."

तो रोज ती पुसतो. पारुबाई अजून आलेली नाही.