दरीच्या माथ्यावरचा शब्द

रामघाटावरच्या आमच्या घरात वेळ घड्याळात बघायची फारशी पद्धत नव्हती. भात शिजायला एक अध्याय लागायचा, पुरणाला चार. नवरा बँकेत जायला निघाला की पुढच्या खोलीत पाठ कुठवर आलाय यावरून मला कळायचं, आज याला उशीर झालाय. सासरे वेदपाठी होते. पहाटे त्यांच्यासमोर सात-आठ विद्यार्थी बसत आणि संथा चाले. गुरूने एक तुकडा एकदा म्हणायचा, विद्यार्थ्यांनी तोच दोनदा म्हणायचा, मग पुढचा तुकडा. पुढची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीत एक लहान खिडकी होती. संथेच्या आधी ती लावून घ्यायची, कारण बायकांनी हे ऐकायचं नसतं. लाकडाच्या फळीने आवाज अडतो असा त्या घराचा ठाम समज होता.

मी वाईकडची. लग्न होऊन काशीला आले तेव्हा नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. सासूबाई मी येण्याआधीच गेलेल्या, त्यामुळे घरात मी, नवरा आणि मामंजी एवढेच. माहेरी डोंगर चढायची मला खोड होती, आणि इथे डोळे फाडून बघितलं तरी उंचवटा म्हणून दिसत नव्हता. चढायला होत्या त्या घाटाच्या पायऱ्या. मी सकाळी तांदूळ निवडायची, आणि फळीपलीकडून प्रत्येक तुकडा तीनदा ऐकू यायचा. एकदा मामंजींच्या जाड, सावकाश आवाजात आणि दोनदा पोरांच्या कोवळ्या गलक्यात. अर्ध्या झोपेत हात चालत राहायचे. ते सगळं कुठे साठत होतं, मला कल्पनाही नव्हती.

चौथ्या वर्षी दिवाळीनंतर दुर्गाघाटाला एका घरी वेदपाठ्यांची सभा होती. तिथे मामंजी पाठ म्हणता म्हणता अडले. एक शब्द आला नाही. मागे जाऊन पुन्हा म्हटलं, पुन्हा तिथेच अडले. शेवटी समोर बसलेल्या एकाने तो शब्द दिला. तो त्यांचाच जुना विद्यार्थी होता. मामंजींनी पुढचं बिनचूक म्हटलं, दक्षिणेला हात लावला नाही, घरी आले, आणि दुसऱ्या दिवशी पोरांना दुसऱ्या गुरुजींकडे पाठवून दिलं. त्यांनी स्वतःही म्हणायचं सोडलं. पहाटे उठून अंघोळ करायचे, आसनावर बसायचे आणि गप्प नदीकडे बघत राहायचे.

मला ते सहन होत नव्हतं, सरळ सांगते. घर मुकं झालं होतं. दोनदा माझा भात करपला.

त्याच सुमारास नवऱ्याच्या बँकेतल्या मंडळींनी माघात सहल ठरवली. बनारसी माणसाला गावाबाहेर जाऊन गोवऱ्यांवर कणकेची बाटी भाजायची आणि वांग्याचा चोखा, म्हणजे आपलं भरीत, करायचा यापलीकडे स्वर्ग ठाऊक नाही. जागा ठरली ती विंध्याच्या डोंगरातली एक दरी. तिच्याबद्दल बँकेत दरवर्षी मोठ्या गप्पा व्हायच्या: तोंडापासून ओढ्याच्या पात्रातूनच वर जायचं, शेवटच्या धबधब्याच्या कडेने माथा गाठायचा आणि सूर्य बुडायच्या आत परत यायचं. गप्पा मारणाऱ्यांपैकी आजवर कुणीही हे केलेलं नव्हतं. मी म्हटलं, मी करणार. नवरा पोट धरून हसला.

"मीही येतो," आसनावरून मामंजी म्हणाले.

"बाबा, तिथे रास्ता नाही. नुसते पत्थर आहेत."

"मग घाटावर काय गाद्या घातल्यात?"

नवरा बाहेर गेल्यावर ते स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. ते सहसा इकडे येत नसत. "हे बघ मुली," ते म्हणाले, "त्या दिवशी माझा दम गेला की डोकं गेलं, तेवढंच मला बघायचंय. दम तुटला असेल तर वयाचा दोष, तो काही गुन्हा नाही. दोन महिने प्राणायाम करीन, पोरांना परत बोलावीन. पण दम शाबूत असून शब्द गेला असेल, तर पुन्हा तोंड उघडायचं नाही."

मी म्हटलं, "मामंजी, आधी पायऱ्या चढून बघू."

पौषभर आम्ही पंचगंगा घाटाच्या पायऱ्या चढलो. धुकं इतकं की चार पायऱ्यांपुढे काही नाही. नदी नाही, वरची मशीद नाही, सगळं पुसलेलं. ते नदीवर तांब्या भरून घेत आणि तो हातात धरून वर जात, पुन्हा खाली. मी त्यांच्या मागे. मला फक्त त्यांच्या अनवाणी पावलांचा आवाज यायचा, आणि कधी कधी वाटायचं की आम्ही चढतच नाही आहोत, पायऱ्याच खाली चालल्या आहेत. धुक्यातून एखादा नावाडी विचारायचा, "पंडितजी, कहाँ की तैयारी हौ?" हे उत्तर द्यायचे, "पहाड़ की." तिकडून हसू ऐकू यायचं, माणूस दिसायचा नाही.

त्यांनी मला एकच गोष्ट शिकवली. श्वास संपला म्हणून थांबायचं नाही, संपायच्या आधी जागा बघून घ्यायचा. पाठात श्वासाच्या जागा ठरलेल्या असतात, चढणीतही असतात, तेवढ्या हेरायच्या. मी इतकी वर्षं डोंगर चढले होते, पण धापा टाकायलाच चढणं म्हणतात असं मला वाटायचं.

माघातल्या एका रविवारी आम्ही जीपने निघालो. पुलावर इतकं धुकं होतं की खाली गंगा आहे यावर विश्वासच ठेवावा लागला. मला डुलकी लागली. जाग आली तेव्हा ऊन पडलं होतं, आणि समोर डोंगराला उभी चीर पडावी तशी दरी उघडी होती. तोंडाशी एक चहावाला बसला होता. त्याने मामंजींचे अनवाणी पाय बघितले आणि माझे बूटही बघितले. ते नवऱ्याचे कॅनव्हासचे होते, दोन नंबर मोठे, पुढे कापूस कोंबलेले. "दुपहर ढले लौट पड़िएगा बाबा," तो म्हणाला, "अँधेरे में पत्थर धोखा देता है."

पहिल्या डोहापाशी बँकेची मंडळी थांबली. सगळ्यांना एकदम भूक लागली होती. नवऱ्याने गोवऱ्या रचायला घेतल्या आणि उदारपणे म्हणाला, "तुम्ही दोघं व्हा पुढे. आम्ही बाट्या गरम ठेवतो."

मग आम्ही दोघंच. लालसर खडकाच्या भिंती दोन्हीकडून जवळ येत गेल्या. वर आभाळाची निळी पट्टी, कड्याला लटकलेली मधमाश्यांची पोळी, अर्जुनाच्या झाडांची पांढरी खोडं, आणि पाण्याचा आवाज, कधी पुढे, कधी मागे. शिळा घराएवढ्या. एकीवर पोट टेकून चढायचं, दुसरीवरून बसून घसरायचं, मध्ये गुडघाभर गार पाण्यातून जायचं. तासभर मजा वाटली. दुसऱ्या तासाला मांड्या थरथरायला लागल्या. तिसऱ्याला माझ्या पोटरीत असा गोळा आला की मी भर पाण्यात बसले आणि माहेरच्या गावरान भाषेत दोन शब्द हासडले. मामंजींनी ते न ऐकल्यासारखं केलं, आणि पोटरी कशी दाबायची ते हवेत हात करून दाखवलं.

सुनेच्या पायाला हात लावायचा नाही, दरीचं पाणी प्यायचं नाही, हे त्यांचे नेम पक्के होते. घरून आणलेला गंगेचा तांब्या फडक्यात बांधून ते पाठीवर वागवत होते. तो चौथ्या तासाला संपला. ते ओढ्याकाठी बराच वेळ उभे राहिले. "वाहतं आहे," स्वतःशीच म्हणाले, आणि ओंजळीने प्यायले.

त्यानंतर आम्ही नुसते चढत राहिलो. पुढे त्यांची पांढरी टाच, तिच्यामागे माझा बूट. मी जागी होते, पण डोकं कुठेतरी तांदूळ निवडत होतं. पाण्याच्या आवाजात मला सारखी संथा ऐकू येत होती, एकदा जाड आवाजात, दोनदा कोवळ्या. शेवटचा धबधबा हिवाळ्यामुळे हातभर रुंदीचा उरला होता. त्याच्या कडेने मुळं धरून आम्ही चढलो. वरच्या एका कपारीत कुणी कोण जाणे किती काळापूर्वी तांबड्या रंगाने माणसांची रांग काढलेली होती, हातात हात घातलेली. मी तिथे हात टेकला आणि माथ्यावर आले.

माथा मोकळा होता, वाळलेलं गवत आणि ऊन. मी आडवी झाले. मामंजी मांडी घालून बसले, डोळे मिटले. त्यांचा श्वास दहाएक वेळा मोठा झाला, मग लहान, मग एकदम शांत. माझी छाती अजून भात्यासारखी चालली होती.

"दम आहे," ते म्हणाले.

मी आनंदाने उठून बसले आणि त्यांचा चेहरा बघितला. तो पार उतरला होता. मला उशिरा उमगलं. दम शाबूत होता, म्हणजे गेलं होतं ते दुसरंच. इतका जीव काढून आम्ही हीच बातमी आणायला वर आलो होतो. मला रडू आलं.

त्यांनी तरी खात्री करून घ्यायचं ठरवलं असावं. ते म्हणायला लागले. तीन महिन्यांनी तो आवाज मी ऐकत होते, आणि मध्ये फळी नव्हती. आवाज दरीत उतरायचा आणि भिंतींना लागून वर यायचा. एक भाग संपला, दुसरा संपला. मग ते त्या जागी आले आणि अडले. मागे गेले, पुन्हा आले, पुन्हा अडले. खाली दरीत त्यांचा अर्धा राहिलेला तुकडा घुमून विरला.

आणि पुढचा शब्द माझ्या तोंडात होता. तो कुठून आला ते मी आजही नीट सांगू शकत नाही. सूपभर तांदळात खडा जसा बोटाला लागतो तसा लागला. मी तो मनात म्हटला अशी माझी समजूत होती. पण मामंजींची मान किंचित वळली, तेव्हा कळलं की मी मोठ्याने बोलले होते, स्वरासकट.

मी भयंकर घाबरले. सभेत स्वतःच्या विद्यार्थ्याने शब्द दिला तर या माणसाने तोंड बंद केलं होतं. इथे तर सून होती, कापूस कोंबलेल्या बुटातली.

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी तो शब्द उचलला आणि पुढे म्हणत गेले, शेवटापर्यंत. मग उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "चल. पत्थर दिसतायत तोवर उतरू."

उतरताना गुडघ्यांनी दावा साधला. शेवटची शिळा ओलांडली तेव्हा कड्याच्या टोकावरचं ऊनही गेलं होतं. बाट्या गार होत्या. नवऱ्याने विचारलं, "झालं? माथ्यापर्यंत?" मामंजी म्हणाले, "पोहोचलो दोघंही." जीपमध्ये मी झोपेचं सोंग केलं आणि खरंच झोपले.

दुसऱ्या दिवशी मला पाय टेकवत नव्हता. भिंत धरून स्वयंपाकघरात गेले, तांदळाचं ताट घेऊन बसले. बाहेर धुकं. पुढच्या खोलीत आसन सरकल्याचा आवाज आला, म्हणजे आजही ते येऊन बसले होते. मी वाट बघायची नाही असं ठरवून खडे वेचत राहिले.

तेवढ्यात खिडकीची कडी वाजली. त्यांनी फळी उघडली, पूर्ण, भिंतीला टेकेपर्यंत, आणि परत जाऊन माझ्याकडे पाठ करून आसनावर बसले. मग एक तुकडा म्हटला, अगदी पहिला, ज्याने नवीन पोरांची सुरुवात करतात. म्हणून झाल्यावर ते पुढे गेले नाहीत. थांबून राहिले.

मी ताट खाली ठेवलं आणि तो दोनदा म्हटला.