साहेबांसमोर हरायचं ठरवलं तेव्हा

मी गोल्फ खेळायचो असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग मी थट्टा तर करत नाही ना, हे बघायला माझ्या तोंडाकडे पाहतात. त्यांचं काही चुकत नाही. साताऱ्याच्या कलेक्टर कचेरीतला कारकून, धोतर, काळी टोपी आणि सायकल, आणि म्हणे गोल्फ! पण खेळलो. एकोणपन्नास साली जवळजवळ रोज संध्याकाळी खेळलो, आणि इतकं वाईट खेळलो की आठवलं तरी कानशिलं तापतात.

कॅम्पातले गोरे अधिकारी निघून गेले तेव्हा त्यांच्या सामानाचा लिलाव झाला होता. मला हवी होती एक आरामखुर्ची. तिच्याबरोबर कातड्याच्या लांब पिशवीतल्या पाच काठ्या, दहाबारा चेंडू आणि एक इंग्रजी पुस्तक असा सगळा एकच गठ्ठा होता. काठ्या घेतल्याशिवाय खुर्ची देईनात, म्हणून काठ्या घरी आल्या. बायको म्हणाली, "असू द्या, जळमटं काढायला होतील." वर्षभर आम्ही त्यांनी जळमटंच काढली.

मग तिला खोकला लागला. साधाच वाटला होता. एका सकाळी खोकल्याबरोबर रक्त पडलं, आणि महिन्याच्या आत मी तिला मिरजेजवळ क्षयाच्या रोग्यांच्या दवाखान्यात ठेवून एकटा साताऱ्याला परत आलो. डॉक्टर म्हणाले होते, दीड वर्ष तरी पूर्ण विश्रांती, मध्येच घरी नेलंत तर आमची जबाबदारी नाही. आम्हाला मूलबाळ नव्हतं. दिवस कचेरीत जायचा, जेवण खाणावळीत व्हायचं, पण पाच ते आठ हा वेळ मला खायला उठायचा. घरात शिरलं की तिची खुंटीवरची शाल दिसायची आणि मी पुन्हा बाहेर पडायचो. अशाच एका संध्याकाळी ती पिशवी सायकलला बांधली आणि कॅम्पातल्या मैदानावर गेलो. दुसरं कुठं जावं ते सुचेना, एवढंच खरं.

गोऱ्यांच्या वेळी त्या मैदानात नऊ होल होते, म्हणजे चेंडू घालायचे खड्डे, प्रत्येकापाशी एक झेंडा. आता पाचच राहिले होते, बाकीच्या ठिकाणी म्हशी चरत. होलाभोवती विलायतेत म्हणे हिरवळ असते. आमच्याकडे तेल घालून दाबलेली वाळू होती, तिला सगळे ब्राउन म्हणत. राखणीला एक पेन्शनर हवालदार होता, वडूजकडचा. लढाईत आफ्रिका आणि इटली बघून आलेला. घरी शेत होतं, पण ते कोरडवाहू, पोरं बघत होती. हा इथं गवत कापायचा, वाळू सारखी करायचा आणि मला बघून करमणूक करून घ्यायचा.

आता माझ्या खेळाविषयी. ते इंग्रजी पुस्तक मी कचेरीतलं परिपत्रक वाचावं तसं वाचलं. वाचलं आणि त्यातल्या सूचना मराठीत उतरवून काढल्या, डावीकडे समास सोडून, कलमवार. एकूण सतरा कलमं झाली. कलम एक, पाय खांद्याइतके फाकवावेत. कलम चार, डावा कोपर वाकू नये. कलम नऊ, नजर चेंडूवरून काढू नये. कलम सतरा, हे सर्व करताना अंग सैल ठेवावे. आमच्या कचेरीत एखाद्या कागदाला एक सही कमी असेल तर तो कागद पुढे सरकत नाही, आणि मी तिथं चौदा वर्षं काढली होती. त्यामुळे फटका मारण्याआधी मी सतराच्या सतरा कलमं मनात वाचायचो, पूर्तता झाली का बघायचो, आणि मगच काठी उचलायचो. तोवर हात लाकूड झालेले असायचे. चेंडू चारपाच वाव सरपटत जायचा, नाहीतर जागेवरच राहायचा आणि मातीचं ढेकूळ उडायचं.

हवालदार एकदा न राहवून म्हणाला, "भाऊसायेब, रागावू नका, पर तुमी मारायच्या आदी लय इचार करता."

"विचार न करता कसं जमेल?" मी म्हणालो.

"आवं, बंदूक मारताना एवढा इचार केला असता, तर मी काय माघारी आलो नसतो."

मला राग आला. हा सातवी नापास माणूस मला शिकवणार! त्या रात्री मी अठरावं कलम लिहिलं: फार विचार करू नये. दुसऱ्या दिवसापासून तेही वाचू लागलो.

असे पाचसहा महिने गेले. दर शनिवारी दुपारी सातारा रोड स्टेशनवर गाडी पकडायची, मिरजेला उतरायचं, रविवारी भेटीच्या वेळात तिच्या खाटेपासून दोन हात अंतरावर स्टुलावर बसायचं आणि पुन्हा परत यायचं. ती बारीक झाली होती, पण ताप उतरू लागला होता. डॉक्टर समाधानी होते. आणि नेमकं तेव्हाच तिच्या शेजारच्या खाटेवरची बाई गेली. तिचा नवरा दूर कर्नाटकात, त्याला तार मिळेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

त्या रविवारी बायको माझ्याशी धड बोलेना. निघायची वेळ झाली तेव्हा म्हणाली, "ती दोन दिवस दाराकडं बघत होती. मला तसं मरायचं नाही. तुम्हाला इकडं जवळ राहायला येता येत नसेल, तर पुढच्या रविवारी मला न्यायला या. घरी काय व्हायचं ते होऊ दे."

मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी फक्त मान हलवली. घरी नेली तर ती वाचणार नव्हती, हे त्यांनी न बोलता सांगितलं आणि मला ते पुरतं कळलं.

जवळ जायची एकच वाट होती. संस्थानं विलीन झाली होती आणि सांगलीला नव्या जिल्ह्याची कचेरी उघडणार होती. साताऱ्यातले काही कारकून तिकडे पाठवणार होते. मी दोन महिन्यांपूर्वीच अर्ज केला होता, बायकोच्या आजाराचं सगळं लिहून. पण माझा त्या अर्जावर काडीचा विश्वास नव्हता. चौदा वर्षं मी लोकांचे अर्जच हाताळत होतो. अर्ज येतो, त्यावर शिक्का बसतो, तो दोरीत ओवला जातो. कुणाची आई आजारी, कुणाची म्हातारी आंधळी, आम्ही विषय काय ते वरच्या ओळीत बघायचो आणि खाली उतरायचोच नाही. माझा अर्ज कोण वाचणार होतं?

यादी ज्यांच्या हातात होती ते साहेब नवीन आले होते. आपलेच, नागपूरकडचे, विलायतेत शिकून आलेले. बुधवारी त्यांनी मला आत बोलावलं. मला वाटलं अर्जाचंच काहीतरी. ते म्हणाले, "तुम्ही गोल्फ खेळता म्हणे? माझ्याशी खेळायला इथं कुणीच नाही. शुक्रवारी पाचला मैदानावर या." एवढंच.

बाहेर येऊन मी हे लगेच हेडक्लार्कना सांगितलं. ते माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, पाच कलेक्टर बघितलेले. त्यांनी मला दप्तरखान्यात नेलं आणि सांगितलं, "नशीब उघडलं तुमचं. आता एकच करा. हरा. पण भिकाऱ्यासारखं हरू नका, साहेबांना मजा आली पाहिजे. थोडक्यात हरा, आणि हरल्यावर त्यांच्या फटक्याची तारीफ करा. मग हळूच सांगलीचा विषय काढा."

मला ते शंभर टक्के पटलं. हरण्यात तर मी वाकबगार होतो. त्या दोन दिवसांत मला पहिल्यांदा माझ्या वाईट खेळाचं समाधान वाटलं.

शुक्रवारी साहेब पांढरी विजार घालून आले. मी धोतराचा काचा मारलेला. हवालदार झेंड्यापाशी उभा. साहेबांनी पहिला फटका मारला, बरा गेला. मग माझी पाळी. हरायचंच असल्यामुळे कलमं वाचायचं कारणच नव्हतं. मी उभा राहिलो, मनात म्हटलं जाऊ दे कुठं जायचं ते, आणि काठी फिरवली.

चेंडू दिसलाच नाही. हवालदाराची मान वर वर गेली तेव्हा मला कळलं की तो हवेत आहे. साहेबांच्या चेंडूच्या बराच पुढे जाऊन तो मधोमध पडला.

"लय भारी!" हवालदार ओरडला.

योगायोग असेल म्हणून दुसरा फटका मुद्दाम आणखी निष्काळजीपणे मारला. तो सरळ ब्राउनच्या कडेला जाऊन थांबला. पहिला होल मी जिंकलो. दुसऱ्या होलाला मी बाभळींच्या दिशेनं तोंड करून मारलं, चेंडू खोडावर आपटला आणि परत मैदानात आला. सहा महिने ज्याच्यासाठी मी रक्त आटवलं, ते सगळं त्या एका संध्याकाळी, नको असताना, माझ्या हातात आलं होतं. हवालदार प्रत्येक फटक्याला शाबासकी देत होता आणि मी त्याला डोळ्यांनी गप्प बसवायला बघत होतो. त्याला वाटलं मी आणखी शाबासकी मागतोय. दुसरा होलही माझाच. मला समोर मैदान दिसत नव्हतं, स्टेशनवरून घरी येणारा टांगा आणि त्यात टेकून बसलेली ती दिसत होती.

तिसऱ्या होलाला माझा चेंडू खड्ड्यापासून वीतभर अंतरावर आला. तिथून आंधळ्यानंही घातला असता. मी काठी तिरकी धरली आणि बाजूनं घालवला.

"हा मुद्दाम चुकवलात," साहेब म्हणाले.

मी चेंडू उचलायला वाकलो.

"मला खेळातलं कळतं. का चुकवलात?" त्यांचा आवाज चढला होता. हवालदार दोन पावलं मागं सरकला.

हेडक्लार्कनी शिकवलेलं सगळं मी विसरलो. तारीफ राहिली, हळूच विषय काढणं राहिलं. मी सरळ बोललो. बायको मिरजेला आहे, परवा रविवारी तिला घरी आणावं लागेल, आणली तर ती मरेल, मला सांगलीला जायचंय, म्हणून मला हरायचं होतं. बोलता बोलता माझा आवाज फुटला. आजही त्याची लाज वाटते, पण फुटला खरा.

साहेबांनी हातातली काठी वाळूत टेकवली. मग म्हणाले, "हे सगळं तुमच्या अर्जात आहे."

"हो."

"मी वाचलाय तो. सोमवारीच सही केली. यादीत तुमचं नाव पहिलं आहे. उद्या हुकूम हातात पडेल."

माझ्या तोंडातून निघालं ते भलतंच: "आपण वाचलात?"

"मग अर्ज कशाला असतो?" ते म्हणाले. "आज सांगणार नव्हतो. सांगितलं असतं, तर उपकार फेडायला हरला असतात. मला तासभर कुणीतरी खरं खेळणारं हवं होतं." मग काठी उचलून, "चला, दोन होल राहिलेत."

त्या दोन होलांत मला एक फटका धड मारता आला नाही. एकदा तर काठी चेंडूच्या वरूनच गेली आणि मी गोल फिरून खाली बसलो. बसलो तो हसायला लागलो, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी येऊ लागलं, ते थांबेचना. साहेब दोन्ही होल जिंकले आणि त्याचा त्यांना मनापासून आनंद झाला. हवालदार माझ्या धोतराची माती झटकत म्हणाला, "उठा भाऊसायेब, घरला जाऊन निवांत झोपा." आणि मी खरोखर त्या रात्री, कित्येक महिन्यांनी, सकाळपर्यंत झोपलो.

एक मात्र सांगायला हवं. सांगलीला जाण्याआधी शेवटच्या आठवड्यात मी कचेरीतला दोरीत ओवलेला अर्जांचा एक जुना गठ्ठा सोडला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढला. काहींचं आता काही करता येण्यासारखं नव्हतं. त्यातले चार मात्र टिपण लावून साहेबांच्या टेबलावर ठेवले.

पण ते नंतरचं. त्या शनिवारी हुकूम घेऊन गाडीत बसलो आणि रविवारी भेटीची वेळ व्हायच्या आधीच दवाखान्यात पोचलो. ती खाटेवर नव्हती. मग पाहिलं तर व्हरांड्यात बसलेली, केस विंचरलेले, प्रवासाचं लुगडं नेसलेली, पायाशी बांधलेलं गाठोडं. खरंच निघाली होती.

मी दोन हात अंतरावर उभा राहून तिला हुकूम वाचून दाखवला. सरकारी भाषेतला, रूक्ष, चार ओळींचा. उद्याचा सोडून पुढच्या सोमवारी मी सांगलीला हजर होणार होतो, आणि सांगलीहून मिरजेला सायकलीनंही येता येतं. ती ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "पुन्हा वाचा." मी पुन्हा वाचला. मग ती उठली, गाठोडं उचललं, आत जाऊन खाटेवर ठेवलं आणि एकेक गाठ सोडू लागली.