हसण्याचा आवाज

दुबईच्या इस्पितळात मी ड्रेसर होतो. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या आणि इंग्रज डॉक्टरांना आपल्या माणसांचं बोलणं समजावून सांगायचं. हे तिसरं काम पगारात धरलेलं नव्हतं, पण दिवसाचा निम्मा वेळ त्यातच जायचा.

एकदा खाडीवरच्या लाँचदुरुस्तीच्या जागेवरून एका बलुची कामगाराला आणलं. खांद्याचं हाड चुरलं होतं. मारणारा आमच्या रत्नागिरीकडचा सुतार, माझ्याच वयाचा. जेवणाच्या सुट्टीत चारजण बसले होते, हा उठला आणि त्यानं हातोडा घातला. भांडण नाही, बोलाचाली नाही.

सुताराला किल्ल्यात, तिथल्या तुरुंगात, ठेवलं. त्या काळी आम्हा हिंदी लोकांचे खटले इंग्रज साहेबाकडे चालत. साहेबानं आमच्या डॉक्टरांना विचारलं, याला सोडला तर हा पुन्हा कुणाला मारेल का? डॉक्टर तरुणपणी विलायतेत वेड्यांच्या इस्पितळात काम करून आलेले, म्हणून त्यांना विचारलं. दुसरं विचारायला होतंच कोण?

किल्ल्यातल्या खोलीत आम्ही तिघं बसलो. डॉक्टरांचा आवाज हळू होता. या आधी कुणावर हात टाकलास? कशानं? तेव्हा प्यायला होतास? राग येतो तेव्हा अंगात काय होतं? मी एकेक प्रश्न मराठीत सांगत होतो.

"गावी एकदा, होडीवर," तो म्हणाला. "शेजाऱ्याला. तेव्हा प्यायलेलो. या वेळी नाही."

"आणि राग यायच्या आधी?"

"कान गरम होतात. मग लोक हसताना ऐकू येतात. मला हसतात."

डॉक्टर म्हणाले, "त्याला विचार, कुणी हसत नसतानाही ऐकू येतं का?"

मी विचारलं.

"ते मला कसं कळणार?" तो म्हणाला.

मी ते इंग्रजीत सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवली आणि ते उठले.

परतताना ते मला म्हणाले, "साहेबाला हो किंवा नाही हवंय. मला फक्त एवढं सांगता येतं, की घरच्या माणसांत राहिला, तर धोका कमी. अनोळखी माणसांच्या गर्दीत, हत्यार हातात, घरचं कुणी जवळ नाही, अशा ठिकाणी ठेवला तर जास्त."

सुताराचा थोरला भाऊ दुबईतल्याच देरा भागात कापडाचं छोटं दुकान चालवायचा. डॉक्टरांनी त्याला बोलावलं. मी त्याला भाई म्हणायचो; सगळेच म्हणायचे. भाईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मी गावी नेऊन घरी सांभाळला तर?"

"तर मी तसं लिहीन," डॉक्टर म्हणाले. "पण खात्री मागू नका."

"खात्री कोण देणार, साहेब? इन्शाल्ला, सांभाळीन."

बलुची वॉर्डात पडून होता. पट्टी बदलताना त्यानं मला हिंदीत विचारलं, "छोड़ देंगे क्या उसको?" मी म्हटलं, साहेब त्याला भावाबरोबर देशात परत पाठवणार आहेत. "अच्छा है," तो म्हणाला. मग पुढे म्हणाला, "वहाँ भी तो आदमी रहते हैं." मी पट्टीची गाठ मारली.

भाईनं दुकान विकलं आणि तो भावाला घेऊन मुंबईच्या बोटीवर चढला. धक्क्यावर धाकट्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. त्याचे डोळे शांत होते. मला वाटलं, झालं, सुटला बिचारा.

पुढच्या रजेत मी त्यांच्या गावी गेलो. भाई ओटीवर बसला होता. उजवा डोळा मिटलेला, पापणी आत गेलेली.

"दारूला शिवला नाही तो," मी न विचारताच भाई सांगू लागला. "कामही माझ्याबरोबर, बागेतच. हत्यार मी हातात देत नव्हतो. नमाजाला बरोबर, जेवायला बरोबर. डॉक्टरांनी सांगितलं त्यातलं एकही सोडलं नाही. दुपारी कुंपणापलीकडून शेजारी काहीतरी बोलला आणि मी हसलो. एवढंच. माझ्या मागं वल्हं उभं केलेलं होतं, तेच त्यानं उचललं."

"आता कुठे आहे तो?"

"कुठे असणार? घरातच."

वहिनी चहा घेऊन आल्या. पोरं माजघराच्या दाराशी उभी होती. ती आमच्यासमोर मोठ्यानं बोलत नव्हती. त्या घरात कुणीच मोठ्यानं बोलत नव्हतं, हे माझ्या हळूहळू लक्षात आलं.

मग तो बाहेर आला. मला ओळखून त्याला मनापासून आनंद झाला. शेजारी बसला, दुबईची चौकशी केली. "डॉक्टर बरे आहेत ना?" त्यानं विचारलं. "त्यांना सांग, मी पीत नाही. सगळं त्यांनी सांगितल्याप्रमाणे करतो." भाई जमिनीकडे बघत होता.

मी सांगतो म्हटलं. निघताना भाई खाडीवर तरीच्या होडीपर्यंत पोचवायला आला. "तू इतकी माणसं बघतोस," तो म्हणाला, "याला बाहेर काढू का? काढला तर जाईल कुठे? ठेवला तर पोरं आहेत." मी काहीतरी बोललो. काय बोललो ते आज आठवत नाही. त्याचा त्याला उपयोग झाला नाही एवढं आठवतं.

दुबईत परतल्यावर मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते खुर्चीत मागे टेकले. दारू? नाही. एकटा ठेवला होता? नाही. हत्यार? दिलं नव्हतं.

"आता मी काय लिहू?" शेवटी ते म्हणाले. "घरात राहू द्या की नको?"

"तुम्हाला कुणी विचारलेलं नाही, डॉक्टर," मी म्हणालो.

खरंच नव्हतं विचारलं. इथल्या साहेबाच्या लेखी तो खटला कधीच मिटला होता, आणि तिकडे विचारायचं कुणाला हे भाईला ठाऊक नव्हतं.